वेशीला लागेल

कुसळांचा स्वभाव तुम्हाला माहीत असेलच. दिवसभर माळावर फिरायचं, संध्याकाळी नगरला सावेडीत घरी येऊन गॅलरीत बसायचं आणि सलवारीच्या काठाला चिकटलेलं एकेक कुसळ उपटायचं. सगळी निघाली असं वाटतं. मग जेवायला मांडी घालून बसलं की पोटरीला एक टोचतंच. किस्से तसेच असतात. आम्ही जातो नावं गोळा करायला: शेतांची, विहिरींची, ओढ्यांची, टेकाडांची. नावं कागदावर उतरतात आणि तिथंच राहतात. किस्से मात्र अंगाला चिकटून घरी येतात.

आम्ही म्हणजे तिघं. पहिले सर. कॉलेजातून निवृत्त झाले, इतिहासातून नाही. पारनेर तालुक्यातल्या जागांची नावं जुन्या मोडी कागदांत काय होती आणि आज लोकांच्या तोंडी काय आहेत, हे ताडून बघायचा त्यांना नाद आहे. दुसऱ्या मार्थाबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता सत्तरी ओलांडली. तिसरी मी. मोडी वाचता येते आणि अक्षर बरं आहे, म्हणून सरांनी मला घेतलं.

माझ्याबद्दल एकच सांगते, कारण ते पुढे लागेल. मी दचकते. पाल, कुकरची शिट्टी, मागून आलेला टेम्पो, कशालाही. सर म्हणतात, "हिला गाडीत पुढे बसवा. रस्त्यात कुत्रं असलं तर मला दिसायच्या आधी कळतं."

हे किस्से सगळे एकाच गावचे, बोरदऱ्याचे. मार्थाबाई तिथल्याच. गावात एक गढी आहे. म्हणजे होती. नगरचा भुईकोट बघायला लोक लांबून येतात, बोरदऱ्याची गढी बघायला कुणी येत नाही. पांढऱ्या मातीचं एक टेकाड, त्यावर बाभळी, आणि कोपऱ्यात अर्धा ढासळलेला एकच बुरूज. त्या बुरुजाचं काय होणार, हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. सरांना तो वाचवायचा होता. सरपंच सुमनताईंना तो पाडून तिथं अंगणवाडी बांधायची होती. आणि मला, खरं सांगायचं तर, दोघांचंही पटत होतं.

*

सुमनताई चाळिशीच्या, बारावी झालेल्या, स्कूटीवरून सगळं गाव सांभाळणाऱ्या. पहिल्या दिवशी त्याच आम्हाला गढीवर घेऊन गेल्या. सर टेकाडावर चढले, धाप लागलेली असतानाच हात पसरून म्हणाले, "हा दिवाणखाना."

"सर, तिथं उकिरडा हाय."

"उकिरड्याखाली."

"आनि हे?" त्यांनी बाभळीच्या बुंध्याकडं बोट केलं.

"मुदपाकखाना असावा. गढीचं स्वयंपाकघर."

"तरीच आमच्या शेळ्या तिथनं हालत न्हाईत."

मी तेवढ्यात बुरुजाच्या सावलीत जाऊन उभी राहिले होते. खाली काळे घडीव दगड, एकेक दगड आमच्या फ्रिजएवढा. वर पांढरी माती आणि विटा. त्याच्याही वर बंदुका रोखायला ठेवलेली भोकं, आणि प्रत्येक भोकातून आभाळाचा एकेक तुकडा दिसत होता. मान दुखेपर्यंत बघत राहिले. कुणीतरी कधीतरी त्या भोकाला डोळा लावून ह्याच माळाकडे बघत उभं असेल, असं मनात आलं आणि त्याच क्षणी आतून पारव्यांचा थवा फडफडत बाहेर आला. मी किंचाळून बाजूला उडी मारली. मी जिथं उभी होते तिथं नारळाएवढं ढेकूळ येऊन पडलं.

सरांनी वर बघितलं, मग ढेकळाकडं.

"बघा," सुमनताई म्हणाल्या. "मॅडम दचकल्या म्हनून वाचल्या. अंगणवाडीची पोरं दचकत न्हाईत, सर. ती वर चढत्यात."

मग त्यांनी आम्हाला अंगणवाडी दाखवली. ती भरते देवळाच्या ओवरीत. दुपारची मुलं सतरंजीवर झोपली होती. दर्शनाला येणारा प्रत्येक जण घंटा वाजवत होता आणि प्रत्येक घंटेला एक मूल उठून रडत होतं. मदतनीस बाई एकाला थोपटून झोपवायची, तोवर पुढची घंटा.

"गावठाणात सरकारी मोकळी जागा तेवढी एकच हाय," सुमनताई म्हणाल्या. "तुमी म्हनता तिथं गढी हुती, तर पुरावा दाखवा. ग्रामसभेपर्यंत थांबते मी."

परतीच्या वाटेवर सरांनी गाडीचा आरसा नीट केला. मग म्हणाले, "बाई चांगली आहे. हीच तर अडचण आहे."

*

पुरावा म्हटलं की आधी ऑफिस. तालुक्याला गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, गावठाणाचा नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. "इथं काही नाही. पडीक."

"पडीक नाही हो, गढी आहे," सर म्हणाले.

"सर, नकाशात आहे ते आहे. नाही ते नाही."

सरांनी मला खूण केली. मी आमच्याजवळच्या मोडी कागदाची नक्कल वाचून दाखवली. त्यात बोरदऱ्याच्या हद्दी सांगितल्या आहेत. पागेच्या उगवतीला ओढा, वेशीच्या बाहेर बारव, असं.

भाऊसाहेबांनी नीट ऐकलं. "ह्यात गढी हा शब्द कुठं आहे?"

तो नव्हता. सर म्हणाले, "अहो, जो गढीत बसून लिहितो, तो गढी कशाला लिहील?"

"मग मी तरी कशाला लिहू?"

आम्ही उठलो. नकाशाची घडी घालता घालता भाऊसाहेबांनी सहज विचारलं, "बोरदऱ्याला वरचेवर जाता का? आमची आत्या दिलीय तिथं. कधी दुपारचं जेवायला जा, संकोच करू नका. कुणालाही विचारा, गढीच्या मागच्या अंगाला घर."

सर पुन्हा खुर्चीत बसले.

*

गढी होती तर तटही असणार. मग तट गेला कुठं? हा सरांचा पुढचा प्रश्न. बोरदऱ्यात सगळ्यांत वयस्क दगडूआबा. त्यांच्या ओट्यावर बसून सरांनी तो विचारला. "आबा, एवढ्या भिंती होत्या, गेल्या कुठं?"

"कुठं जात्यात? हायेत की." आबा काठी टेकत उठले आणि भिंतीला लावलेली शिडी दाखवली. "चढा."

सरांचे गुडघे चढण्यातले राहिले नाहीत. मार्थाबाईंना चढा म्हणायची कुणाची हिंमत नाही. उरले मी. शिडीची प्रत्येक पायरी करकरत होती आणि प्रत्येक पायरीला मी आईला आठवत होते.

आबांचं घर धाब्याचं. म्हणजे वर कौलं नाहीत, पत्रा नाही. लाकडं, त्यावर काटक्या आणि त्यावर मातीचा हातभर थर. बोरदऱ्यात निम्मी घरं अजून तशीच आहेत. मी वर पोचले आणि मान उचलून पाहिलं. एका धाब्याला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं, सगळी पांढरी, राखेसारखी पांढरी. आणि सगळ्यांच्या शेवटी, त्याच मातीचा, त्याच रंगाचा बुरूज.

"दिसली का?" खालून आबांनी विचारलं.

"काय?"

"गढी. ह्या पांढऱ्या मातीतनं पानी गळत न्हाई. आमच्या आज्यानं आनली, बापानं आनली, मी बी आनली. अख्खी गढी आमी डोक्यावर घेऊन बसलोय, आनि तुमी इचारताय गेली कुठं."

मी तटावर उभी होते. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापत होतं, त्याचा आवाज पायाखालून येत होता. मी हळूच वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

खाली आल्यावर चहा झाला. मी कप तोंडाला लावणार, तोच वरून चिमूटभर माती सुटली ती नेमकी माझ्या कपात. सरांनी वाकून पाहिलं.

"पी," म्हणाले. "तट आहे."

*

मोडी कागदात पागा होती. पागा म्हणजे घोड्यांचं ठाण. ती कुठं असावी ह्यावर सरांनी आदल्या दिवशी गाडीत पारनेर ते सुपा एवढा विचार केला होता. दुसऱ्या दिवशी बोरदऱ्यात भेटलेल्या पहिल्याच माणसाला आम्ही विचारलं. तो म्हणाला, "पागेत ना? ह्या बांधानं सरळ जा. हिराबाई खुरपतीय बघा कांदा."

हिराबाई वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. सर बांधावर टेकले. "मावशी, ह्या शेताला पागा का म्हणतात?"

"मग काय म्हनायचं?"

"तसं नाही. नाव कशावरून पडलं?"

"ते मला काय ठावं? मी सून म्हनून आले तवा पागाच हुती."

सरांनी सांगितलं, की पूर्वी इथं गढीची घोडी बांधत. हिराबाईंचं खुरपं थांबलं.

"किती घोडी?"

"शे-दोनशे तरी असतील."

"तरीच."

"तरीच काय?"

"शेजारच्या वावरात ट्रॉल्या भरभरून शेणखत टाकत्यात, पन असला कांदा येत न्हाई." त्यांनी मूठभर माती उचलून आम्हाला दाखवली. काळीभोर, मऊ. "सासू म्हनायची, ह्या वावराला कायतरी हाय. तिला वाटायचं देव हाय. दर अवसेला नारळ फोडायची."

त्यांनी लुगड्याला हात पुसले आणि त्या वाफ्यापुढं जोडले. मलाही काय वाटलं कुणास ठाऊक, मीही जोडले. सरांनी टोपी काढली.

मग हिराबाईंनी खुरपं परत उचललं. "देव न्हाई तर घोडी," म्हणाल्या. "हात तर कुनाला तरी जोडायचेच हुते."

त्या आठवड्यात आणखी नावं सापडली. हत्तीबारव. जासूदपट्टी. नगाऱ्याचं टेकाड. मी ती गावाच्या नकाशावर एकेक करून मांडली आणि शेवटचं लिहून पेन खाली ठेवलं. सगळी नावं गोलाकार बसली होती. पंगत मांडलेली, सगळे जागच्या जागी, मधला यजमान तेवढा उठून गेलेला. मध्ये होतं ते पडीक.

*

सुगी संपत आली होती. गावाबाहेर दगडूआबांच्या खळ्यापाशी एक ट्रॉली कडब्यानं भरत होती आणि तिच्यामागं आमची गाडी अडकली. एक जण वर उभा, एक खालून पेंढ्या फेकत होता. अजून पुष्कळ पेंढ्या खाली पडलेल्या असताना वरचा म्हणाला, "बास."

"अजून लई बसत्याल की," खालचा म्हणाला.

"बसत्याल, पन वेशीला लागंल. दुसरी खेप करू."

सरांनी गाडी बंद केली. काच खाली केली. "कुठली वेस हो?"

वरच्यानं समोर बोट दाखवलं. रस्ता गावात शिरतो तिथं डाव्या हाताला पिठाची गिरणी आहे आणि उजव्या हाताला हापसा. दोन्हींच्या मध्ये रस्ता, रस्त्याच्या वर आभाळ. एवढंच.

"वर तार आहे का?" मी विचारलं.

"तार न्हाई."

"फांदी?"

"न्हाई."

"मग लागेल कशाला?"

त्यानं माझ्याकडं पहिलीतल्या मुलीकडं बघावं तसं पाहिलं. "वेशीला."

सर खिडकीतून अर्धे बाहेर आले. "वेस पडली कधी?"

"आमी न्हाई बघितली. आमच्या बापानं बी न्हाई बघितली."

"मग भार असा कमी का भरता?"

"एवढाच भरत्यात," तो म्हणाला आणि पेंढ्यांवर बैठक मारली. ट्रॉली निघाली. गिरणीपाशी आल्यावर हळू झाली. वरच्यानं मान खाली घातली. हापसा मागं पडला तशी वर केली.

सर गाडीतून उतरले, चालत गेले, गिरणी आणि हापशाच्या बरोबर मध्ये उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. अंधारात भिंत चाचपडावी तशी बोटं हलवत होते. हवेत. मी त्यांच्याकडं बघत असताना माझ्या मागं टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मी काय आवाज काढला ते मला आठवत नाही. टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, वेशीत कशाला उभं ऱ्हाता? बाजूला व्हा की."

त्या दिवशी आम्ही गिरणीच्या कट्ट्यावर बसून नुसतं बघितलं. सायकलवाले मान लववत होते. बायका गिरणी आली की पदर डोक्यावर घेत होत्या आणि हापसा गेला की सोडत होत्या. बोलणं चालूच, हात आपोआप वर. सुमनताई स्कूटीवरून आल्या. त्यांनी डावा हात सोडला, पदर घेतला, पुन्हा हँडल धरलं.

सरांनी हाक मारून विचारलं.

"कोन, मी?" त्या हसल्या. "न्हाई वो. वारं असतं तिथं."

गिरणीच्या दारात सांडलेलं पीठसुद्धा जागचं हललं नव्हतं.

*

हे सगळं चाललं होतं तेव्हा मार्थाबाई कट्ट्याच्या टोकाला बसून शेंगा सोलत होत्या. सर त्यांच्याकडं वळले. "बाई, तुम्ही इथल्या. हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नावं विचारत होतात," त्या म्हणाल्या. "वेशीला नाव नाही. वेस म्हणजे वेस."

मग शेंगा बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचं घराणं वेसकरांचं. वेशीचं दार उघडायचं, लावायचं, आल्या-गेल्यावर नजर ठेवायची, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पुढं धर्म बदलला, वेस पडली, काम संपलं.

"माझा आजा रविवारी कोट घालून चर्चमध्ये जायचा. बायबल त्याला तोंडपाठ. पण रोज दिवस मावळायला तो इथं यायचा. ह्या हापशाच्या जागी तेव्हा एक दगड होता, त्याच्याशेजारी हात मागं बांधून, रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा. रानातली शेवटची गाडी आत गेली की घरी यायचा आणि आजीला एकच शब्द सांगायचा. 'लावली.' मग ती भाकरी वाढायची."

"काय लावली? दारच नव्हतं ना?" मी विचारलं.

"नव्हतंच."

सरांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे बाई, ही गढी तुमचीसुद्धा."

मार्थाबाई हसल्या. चाळीस वर्गांना गप्प बसवलेलं हसू. "नाही सर. आमची घरं वेशीबाहेर. दार आम्ही राखायचं, आत आम्ही नाही. गढीत काय होतं ते आमच्या घरातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं. तुमचा बुरूज राहिला तर राहू दे, पडला तर मी रडणार नाही."

त्यांनी शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

"वेस मात्र आमची."

*

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सरांचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार मुक्कामाला गेला. सकाळी गाडीत त्यांनी माझ्यापुढं कागदाचा कपटा धरला. त्यावर लिहिलं होतं, 'तू वाच.' मी म्हटलं सर, नको. त्यांनी कपटा उलटा केला. मागं लिहिलं होतं, 'नको म्हणू नको.'

शाळेच्या पटांगणात अख्खं गाव बसलेलं. मी माइकपुढं गेले, माइकनं किंचाळी फोडली आणि तिच्यावर मी. लोक खदखदून हसले. त्या हसण्यानं माझं एक बरं झालं. याहून वाईट आता काही होणार नव्हतं.

"पागा," मी वाचलं.

"ते आमचं," मागून हिराबाई.

"जासूदपट्टी."

"वाटणीत गेली. अर्धी आमच्याकडं हाय."

"हत्तीबारव."

"मोटर बसवलीय तिच्यावर. हत्तीला सांगू नका."

नावामागून नाव गेलं आणि हशा हळूहळू कमी होत गेला. मग मी नकाशा वर धरला आणि त्यावर बोट गोल फिरवलं. पुढं बसलेली एक म्हातारी स्वतःशीच म्हणाली, "म्हंजी आपन गढीतच ऱ्हातो व्हय."

मला वाटलं, जिंकलो.

सुमनताई उठल्या. "मॅडम, नावं खरी हायेत. गढी हुती, मी मान्य करते. पन ओवरीत झोपनारी पोरं बी खरी हायेत."

"माझं खळं घ्या," दगडूआबा बसल्या जागेवरून म्हणाले. "वेशीभायेर हाय, मोकळं हाय. बुरूज ऱ्हाऊ द्या."

"आबा, खळं तुमच्या एकट्याचं हाय का? चार भावांचं. चार भाव एका जागी सही करस्तोवर पोरं बारावीला जात्याल."

आबासुद्धा हसले. हसत हसत खाली बसले. मग हात वर झाले, आणि ते कुणाच्या बाजूनं होते हे मोजायची गरज पडली नाही. येत्या सोमवारी मशीन येणार, बुरूज उतरणार. सरांना बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

निघताना सुमनताईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला. "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. नाव कुठं जात न्हाई. बघा तुमी, अंगणवाडीला समदे गढीची अंगणवाडीच म्हनतील."

आणि ते खरं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

*

सोमवारी सर येणार नाही म्हणाले होते. आले. आम्ही तिघं गिरणीच्या कट्ट्यावर बसलो, मार्थाबाई आजही शेंगा घेऊन. दगडूआबा काठीवर हनुवटी टेकून शेजारी. सुमनताई गावाच्या बाजूला स्कूटी लावून उभ्या, कारण मशीनवाल्याला वाट दाखवायची होती. मशीन कोल्हारहून येत होतं आणि चालवणाऱ्यानं बोरदरे कधी पाहिलेलं नव्हतं. फाट्यावरून डावीकडं का उजवीकडं, हे तो त्यांना फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होता.

आधी धुरळा दिसला, मग पिवळा जेसीबी. मागचा लांब हात घडी करून वर उचललेला, हत्तीनं सोंड उचलावी तसा. मी नजर त्याच्यावरच ठेवली. आज दचकायचं नाही असं ठरवून आले होते.

गिरणीच्या अलीकडं मशीन थांबलं.

वाट विचारतोय, असं आम्हाला वाटलं. पण तो खाली उतरला नाही. पन्नाशीचा माणूस, मिशीवाला, गळ्यात टॉवेल. तो सीटवर मागं वळला, दांडा ओढला, आणि ती सोंड उलगडत गेली, मागं झुकली, खाली आली, पार रस्त्याला टेकायची बाकी राहिली. मग मशीन अगदी सावकाश पुढं सरकलं. गिरणी आणि हापशाच्या मधून. केबिनमध्ये त्यानं मान खाली घातली होती.

हापसा ओलांडल्यावर तो पुन्हा थांबला. सोंड पुन्हा वर गेली, आणि वाट विचारायला त्यानं इंजिन बंद केलं.

गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. एवढी शांतता झाली की मशीनचं तापलेलं लोखंड टिकटिकत होतं ते ऐकू येत होतं.

सर जाऊन मशीनपाशी उभे राहिले. घसा अजून फाटलेला. "सोंड खाली का घेतलीत?"

"अडकली असती की वर."

"कशाला?"

"कशाला म्हंजी..." तो वळला आणि दाखवायला हात उचलला. हात तसाच राहिला. मागं रस्ता होता, वर आभाळ होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग हात खाली आला आणि त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"पानी मिळंल का जरा?"

मार्थाबाईंनी आपली बाटली नेऊन दिली. "बाबा, ह्या गावात आधी कधी आला होतास?"

"न्हाई, बाई. आजच."

सुमनताई स्कूटीजवळून हलल्या नव्हत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, त्या माणसानं हात उचलला होता तिकडं. मग दोन्ही हातांनी, सावकाश, पदर डोक्यावर घेतला.

"आबा," त्या म्हणाल्या, "खळ्याचं बोलला हुता ते खरं का?"

"खरं हाय."

"आनि भाऊ?"

"आत्ता आनतो."

"सह्या झाल्याबिगर काम पुढं जानार न्हाई."

"आत्ता आनतो म्हनलं ना," आबा म्हणाले आणि काठी न टेकताच निघाले.

सुमनताई मशीनवाल्याकडं वळल्या. "दादा, माघारी घ्या. खळ्यावर थांबा. वेशीभायेर हाय ते."

त्यानं काही विचारलं नाही. बाटली परत केली, मशीन वळवलं. हापशापाशी आल्यावर ते पुन्हा थांबलं, सोंड खाली गेली, मान खाली गेली, आणि ते सावकाश बाहेर पडलं.

मार्थाबाई केव्हा उठल्या ते मी पाहिलं नाही. हापशाशेजारी, हात मागं बांधून, रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या. मशीन लांब गेलं. धुरळा बसला. त्या वळून माझ्याजवळ आल्या, कट्ट्यावरच्या शेंगा पदरात घेतल्या आणि म्हणाल्या,

"लावली."